पहिल्या सलाईनच्या आधी
स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी 31 वर्षांची होते. केमोची तारीखही ठरली, पण पुढे मूल होण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. दारापाशी पोचल्यावर मीच मागे वळले, "डॉक्टर, नंतर मला मूल होईल ना?" त्यांनी मिटलेली फाइल परत उघडली. म्हणून सांगते, हा प्रश्न पहिल्या सलाईनच्या आधी आपणच विचारायचा. औषधांत सायक्लोफॉस्फामाइड आहे का, तेही विचारा. अंडाशयांना ते फार बाधतं. मग त्याच आठवड्यात वंध्यत्वतज्ज्ञांना गाठा.

स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. पाळीची वाट बघावी लागत नाही, बीजं वाढवणारी इंजेक्शनं कुठल्याही दिवशी सुरू होतात. रोज रात्री नऊला मी पोटाची चिमूट धरून स्वतःच टोचून घ्यायचे. तिसऱ्या रात्री हात थरथरायचा थांबला. माझी गाठ हार्मोनवर वाढणारी, म्हणून इस्ट्रोजेन हे हार्मोन आटोक्यात ठेवायला सोबत लेट्रोझोलची गोळी होती. भूल देऊन नऊ बीजं काढली, सात गोठवण्याजोगी निघाली. सात बीजं म्हणजे सात नातवंडं नव्हेत, हे आईला समजावताना मात्र नाकी नऊ आले.

तेवढाही वेळ नसेल तर दुर्बिणीने अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात. वयात न आलेल्या मुलींसाठी तोच मार्ग. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या तुकड्यातून रोग परत येण्याची भीती असते, ते नीट विचारून घ्या. केमोच्या काळात अंडाशय जपायला, त्यांना तात्पुरतं झोपवणारं गोसेरेलिनचं इंजेक्शन देतात. ते जोडीला ठीक, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. ओटीपोटाला रेडिएशन असेल, तर अंडाशय वर सरकवता येतील का विचारा.

पुरुषांचं काम सोपं, वीर्याचे दोन-तीन नमुने दिले की झालं. अडतं ते लाजेपाशी. शेजारच्या खाटेवरचा 19 वर्षांचा मुलगा आईसमोर "नको" म्हणाला. नर्सने आईंना बाहेर बसवून पुन्हा विचारलं, तेव्हा "हो" म्हणाला. शुक्राणू कमी निघाले तरी नमुना ठेवाच, इक्सीमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत सुईने शुक्राणू बीजात सोडतात तेव्हा, एका बीजाला एकच शुक्राणू लागतो.

उपचार चालू असताना पाळी थांबली तरी गर्भनिरोधक सोडू नका.

संमतीपत्रात एक रकाना असतो: तुमचं बरंवाईट झालं तर बीजांचं काय करायचं? तो घाईत भरू नका. मी दोन दिवस कोरा ठेवला. मग "संशोधनाला द्या" असं लिहिलं, आणि त्या रात्रीचं इंजेक्शन पाच मिनिटं उशिरा घेतलं.