नवा पीसी घेताय? प्रोसेसर असा तोलून बघा

परवा लॅमिंग्टन रोडला एक काका "आय७ आहे, अजून काय पाहिजे" म्हणत जुना पीसी उचलत होते. मी वाकून स्टिकर बघितलं तर इंटेलचा आय७-२६००, म्हणजे २०११ चा माल. ४ कोर (काम करणारे आतले भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ३.४ गिगाहर्ट्झ (वेग). आता आय३-१२१०० बघा, तोही ४ कोर, ८ थ्रेड आणि बेस स्पीड तर ३.३, म्हणजे कागदावर कमीच, तरी तो या आय७ ला आरामात मागे टाकतो. त्यामुळे नुसत्या आय३-आय५ या नावावर जायचं नाही, पुढचा आकडा वाचायचा, १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, आणि गिगाहर्ट्झ फक्त एकाच पिढीत ताडून बघायचे.

मग तुमचं काम काय ते बघा. टॅली, एक्सेल, ब्राउझर असेल तर सिंगल-कोर स्कोअर (एकट्या कोरचा वेग), व्हिडिओ रेंडर करत असाल तर मल्टी-कोर (सगळ्या कोरचा मिळून). हे स्कोअर काढणाऱ्या सिनेबेंच सॉफ्टवेअरचे आकडे बघताना व्हर्जन एकच हवं हां, आर२३ व्हर्जनचा आकडा २०२४ नावाच्या व्हर्जनशी लावून उपयोग नाही. गेमिंगला कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) लय कामाची, एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी चा क्लॉक (गिगाहर्ट्झ) साध्या ५८००एक्स पेक्षा कमी आहे पण एल३ कॅशे ३२ च्या जागी ९६ एमबी, आणि बऱ्याच गेममधे तोच पुढे. पण तुम्ही साधं ग्राफिक्स कार्ड लावून ४के रिझोल्यूशनवर खेळणार असाल तर हा फरक दिसणारच नाही, तिथे कार्डच आधी दमतं.

आता पैशाचं. इथेच सगळे गंडतात, कारण स्कोअरला नुसत्या प्रोसेसरच्या किमतीने भागतात. समजा एक १०,००० चा, स्कोअर १००, दुसरा १५,००० चा, स्कोअर १२५. हजार रुपयाला पहिला १० देतो, दुसरा ८.३. पहिला परवडतो वाटतं ना? पण बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट धरून अजून ३०,००० दोन्हीकडे जाणारच, मग ४०,००० ला १०० आणि ४५,००० ला १२५, म्हणजे २.५ विरुद्ध २.८. दुसरा जिंकला! फक्त त्याचा बोर्ड-रॅम ५,००० ने महाग पडला की बरोबरी. म्हणून रायझन ५ ७६०० ला डीडीआर५ रॅमच लागते हा खर्च आधीच धरा, आणि घरी एएमडीचा जुना बी४५० बोर्ड पडलेला असेल तर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० टाकला की विषय संपला.

इंटेलमधे नंबरच्या शेवटी एफ असला की आत ग्राफिक्स नसतं. मी थोडे पैसे वाचतात म्हणून १२४००एफ आणला, ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ म्हटलं, घरी मॉनिटरची केबल बोर्डाला लावली, पंखे गरगर फिरतायत आणि स्क्रीन काळी ठिक्कर. कार्ड येईपर्यंत डबा तसाच.

आणि बिलावर पूर्ण नंबर लिहून घ्या, नुसतं "रायझन ५" नको. ५६०० च्या जागी ५६००जी आला तर एका अक्षरात ३२ एमबी कॅशेची १६ होते.