बारावीनंतर सुटलेली जादूची पुस्तकं परत कशी धरायची

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात तिशी-पस्तिशीतली कितीतरी माणसं भेटतात, जी शाळेत असताना जादूगार, ड्रॅगन, शापित राजवाडे असलं सगळं एका बैठकीत संपवायची आणि आता विचारलं की म्हणतात, आता नाही गं लक्ष लागत, दहा पानं झाली की हात मोबाईलकडं जातो. मला अगदी मनापासून वाटतं की ही आवड कुठं जात नाही. तेव्हा आपण न समजलेलं बिनधास्त पुढं वाचायचो आणि आता प्रत्येक ओळ समजलीच पाहिजे म्हणून अडून बसतो, सगळा घोळ तिथं आहे. तर परत सुरुवात कशी करायची ते माझ्या अनुभवावरून सांगते.

पहिलं म्हणजे नवीन, गाजत असलेलं, सहाशे पानांचं पुस्तक ऑनलाईन मागवू नका. लोक हेच करतात आणि ते कपाटात जातं. जुनं काढा, शाळेत वाचलेलं, ज्यातला एखादा तरी प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे असं. माझ्या पिढीत बहुतेकांचं ते हॅरी पॉटर असणार. १९९७ साली पहिला भाग आला आणि २००७ मध्ये सातवा. मराठीत मंजुल पब्लिशिंग हाऊसनं काढलेलं 'हॅरी पॉटर आणि परीस' आपल्याकडच्या मराठी मीडियमच्या पोरांनीसुद्धा वाचलंय. ज्या भाषेत पहिल्यांदा वाचलं होतं त्याच भाषेत परत वाचा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण ती माणसं तुमच्या डोक्यात त्याच भाषेत बोलतात. मराठीत वाचलं असेल तर मराठीतच घ्या, इंग्लिशमध्ये वाचलं तरच खरं वाचलं असं काही नसतं हो.

आणि सगळे सात भाग एका दमात संपवायचा पण करू नका. इंग्लिश ब्लूम्सबरी आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा आहे आणि पाचवा ७६६ पानांचा, म्हणजे तिपटीपेक्षा जास्त, आणि परत वाचायला घेतलेले बरेच जण त्या पाचव्यातच अडकतात. तिसऱ्यापर्यंत या, थांबा, मधे दुसरं काहीतरी वाचा. तिसरा भाग माझ्या मते सगळ्यात नीट बांधलेला आहे, तिथं थांबलं तर मन भरलेलं राहतं.

आता नवीन पुस्तकाकडं वळायचं तेव्हा खरी अडचण येते ती पहिल्या चाळीस-पन्नास पानांत. फॅन्टसीत सुरुवातीलाच नावांचा मारा असतो, राज्यांची नावं, घराण्यांची नावं, कुठलं तरी जुनं युद्ध, कुठल्या तरी देवता, आणि मोठं माणूस लगेच मागची पानं उलटायला लागतं की हा कोण, तो कोणाचा मुलगा, नाहीतर गुगल करायला जातं आणि तिथंच गोष्ट खलास होते (वर शेवटही कळतो). तेराव्या वर्षी आपण हे करत नव्हतो. चांदोबात विक्रम राजा झाडावरून प्रेत खाली काढायचा आणि त्यातला वेताळ बोलायला लागायचा, तेव्हा वेताळ प्रेतात शिरतो कसा असं कुणी विचारलं होतं का? आपण थेट गोष्टीत. तेच परत करायचं. नावं कळली नाहीत तरी पुढं चला, जे नाव कामाचं आहे ते चार वेळा येतंच आणि आपोआप बसतं, जे येत नाही ते विसरलं तरी चालतं. इंग्लिशमधून वाचत असाल तर डिक्शनरी लांब ठेवा, निम्मे शब्द लेखकानं स्वतः बनवलेले असतात, ते डिक्शनरीत नसतातच. पुढं नकाशा असेल तर मात्र तो निवांत बघा, दोन मिनिटं बोट फिरवा, मग पान उलटा.

दुसरी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. या पुस्तकांतला मुलूख बहुतेक वेळा बर्फाचा, पाईनच्या झाडांचा, आपण कधी न बघितलेला. त्याच्यासाठी फोटो शोधत बसू नका, आपला मुलूख घाला की. जांबोटीवरून कणकुंबीकडं जाताना पावसाळ्यात रस्त्यावर उतरतं ते धुकं आठवा, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून खालची सगळी शेतं दिसतात ती आठवा, आणि पुस्तकातलं जंगल आलं की भीमगडचं जंगल समोर धरा. त्या जंगलात बारापेडे म्हणून गुहा आहेत, तिथं राहणारं एक वटवाघूळ जगात अगदी मोजक्याच ठिकाणी सापडतं, हे कळल्यापासून मला कुठल्याही पुस्तकातली गुहा परकी वाटत नाही. लहानपणी आपण हेच करत होतो, सगळे राजवाडे आपल्याला माहीत असलेल्या एखाद्या वाड्यासारखेच दिसायचे.

वेळेचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं वाचा हा सल्ला इतर पुस्तकांना ठीक आहे, इथं चालत नाही. दुसऱ्या जगात शिरायलाच पंधरा मिनिटं जातात. आठवड्यातून दोनदाच बसा पण तासभर सलग बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. जून ते सप्टेंबर आपल्याकडं असाही पाऊस लागून राहतो, रविवारी दुपारी कुठं जाणार आहात? ऑडिओबुक भाजी निवडताना, बसमध्ये वगैरे चांगलं आहे, पण परत आवड लावायला पहिलं पुस्तक कागदाचंच घ्यावं असं माझं मत.

काय वाचायचं? मी तीन-चारच सांगते. उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चं, दोनशे पानांच्या आसपास, एक गर्विष्ठ पोरगा जादू शिकायला जातो आणि ईर्ष्येच्या भरात एक काळी सावली मोकळी सोडतो, मग ती सावली त्याच्या मागं लागते. लहानपणी ही साहसाची गोष्ट वाटते, आणि चाळिशीला आलेल्या माणसानं वाचली तर ती सावली कोण आहे ते पोटात कळतं. डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कासल', १९८६ चं, त्यात सोफी नावाची तरुण पोरगी शापानं म्हातारी होते आणि म्हातारी झाल्यावरच तिला तोंड फुटतं, कुणाचं ऐकून घेत नाही. बायकांनी तर वाचावंच. एकच पुस्तक, पूर्ण गोष्ट पाहिजे असेल तर १९३७ चं 'द हॉबिट'. आणि घरात दहा-बारा वर्षांचं भाचरू असेल तर रोशनी चोक्षीचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम', २०१८ चं, त्यात आजच्या काळातल्या मुलींच्यात पांडवांचे आत्मे आलेले आहेत. आपल्याला महाभारत पाठ असतं, त्यामुळं नावांची अडचणच येत नाही.

हे शेवटचं मी एकटीनं नाही वाचलं, भाचीला वाचून दाखवलं, म्हणजे डोळ्यांनी इंग्लिश वाचायचं आणि तोंडानं आपल्या घरातल्या मराठीत सांगायचं. सुरुवातीला अडखळायला होतं, मग जमतं. ती मधेच विचारते, "आत्या, मग आता ती मरणार काय गं?" आणि आपल्यालाही खरंच माहीत नसतं, तेव्हा आपणसुद्धा बारा वर्षांचे होतो. याच्यासारखा उपाय दुसरा नाही.

घरातले मोठे म्हणणारच, एवढी मोठी झालीस आणि राक्षसाच्या गोष्टी वाचत बसलीस होय? त्यांना जी. ए. कुलकर्णींची आठवण करून द्या. बेळगावात वाढलेला, धारवाडला शिकवणारा हा माणूस, मराठीतला एवढा मोठा कथाकार, त्यानं 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' लिहिल्या, अनोळखी मुलखातून भटकणारी माणसं आणि त्यांच्या मागं लागलेली नियती. पोरांसाठी नाहीत त्या, फार काळ्याकुट्ट आहेत, पण कल्पित मुलूख उभा करून माणसाचं खरं दुखणं सांगायचं हे काम आपल्याच गावच्या माणसानं केलंय. तुमचा फॅन्टसीचा हात परत बसला की त्या जरूर वाचा. आणि बालपणाकडं जायचं असेल तर त्यांचंच 'बखर बिम्मची'.

पुस्तकं मिळवायची कुठं? बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, खेड्यांतूनही छोटी वाचनालयं आहेत, तिथं बालसाहित्याच्या कपाटाकडं सरळ जा, लाजू नका, चांगलं जुनं तिथंच मिळतं. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथं साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. स्टॉलवर समोर चरित्रं आणि ऐतिहासिक कादंबऱ्याच मांडलेल्या दिसल्या तर पोरांसाठी अनुवादित काय आहे असं तोंडानं विचारा, विचारलं की मागच्या खोक्यातून काढून देतात आणि चार जणांनी विचारलं तर पुढच्या वर्षी जास्त आणतात. इंग्लिश पुस्तकं महाग पडतात, पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बघून या.

पन्नास पानांनंतरही पुढं काय होणार असं वाटत नसेल तर ते पुस्तक बिनदिक्कत सोडा, दुसरं धरा. आणि मालिका असेल तर आधी एवढं बघून घ्या की पहिल्या भागात गोष्ट एका ठिकाणी येऊन थांबते का अर्ध्यात तुटते. अर्ध्यात तुटत असेल तर दुसरा भाग वाचनालयात आहे का ते विचारून मगच पहिला घरी आणा.