वीत आणि हात: सोसायटीच्या पार्किंगमध्ये लँडर कसं उतरवायचं

23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चं लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, विक्रम चंद्रावर टेकलं, तेव्हा आमच्या ठाण्यातल्या कळवा-खारेगावच्या सोसायटीत टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पेढे वाटले, फटाके वाजले. मग गणपतीच्या वर्गणीचं बोलणं सुरू झालं आणि विषय मागे पडला. मला ते लागलं. मी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेड शिकवते. धातू कापून, घासून, मोजून वस्तू घडवणारी पोरं रोज माझ्यासमोर असतात. यानसुद्धा कुणीतरी असंच घडवलेलं असतं, हे आमच्या इमारतीतल्या मुलांच्या हाताला कळायला हवं होतं. तेव्हापासून हिवाळ्यातल्या शनिवारी आम्ही पार्किंगमध्ये मुलांनी बनवलेली छोटी लँडर उंचावरून पाडतो.

सुरुवात भाषणाने करू नका. मी एकदा एका शाळेत तासभर ग्रहांचे आणि रॉकेटचे फोटो दाखवले. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर एकही हात वर गेला नाही. आता मी आल्याआल्या हातात कच्चं अंडं देते आणि सांगते, हे आत ठेवून न फुटता खाली उतरवेल असं लँडर बनवा. (सोसायटीत अंड्याला हरकत असेल तर खारी घ्या, तीही लगेच मोडते.) चार-चार मुलांचे गट करा. सामान घरचंच: खराट्याच्या काड्या, रबर बँड, सायकलची जुनी ट्यूब, कागदी कप, सुतळी. अट दोनच. अंड्यासकट वजन 150 ग्रॅमच्या आत, आणि विकतच्या सामानाला तीस रुपये. स्वयंपाकघरातला वजनकाटा मध्यभागी ठेवा आणि अर्ध्या ग्रॅमलाही सूट देऊ नका. या विषयाचं मर्म त्या काट्यावर आहे. कुठलाही भाग मजबूत करायचा तर वजन वाढतं, आणि ते दुसरीकडे कुठून तरी कापावं लागतं.

पहिला गट हमखास प्लास्टिकच्या पिशवीचं पॅराशूट बांधतो. बांधू द्या. नंतर फक्त विचारा, "चंद्रावर हवा आहे का?" पिशवी सोडवताना त्यांचे चेहरे बघा. विक्रमला इंजिनं उलटी पेटवूनच वेग कमी का करावा लागला, हे तिथेच समजतं.

आता पाडायचं कसं, ते नीट सांगते. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चांद्रयान-2 चं लँडर आदळलं. त्यानंतर चांद्रयान-3 मध्ये जे बदल झाले, त्यातला एक पायांचा. सेकंदाला 2 मीटर वेगाने टेकलं तरी चालेल अशी आधीची रचना होती, ती 3 मीटरपर्यंत नेली. हे आकडे मुलांना नुसते सांगून उपयोग नाही. पृथ्वीवर एखादी वस्तू सुमारे 20 सेंटीमीटरवरून सोडली की जमिनीला लागताना तिचा वेग सेकंदाला साधारण 2 मीटर असतो, आणि 46 सेंटीमीटरवरून सोडली तर 3 मीटर. म्हणजे आपली एक वीत आणि एक हात! भिंतीवर खडूने या दोन रेघा मारा. प्रत्येक लँडर आधी वितेवरून सोडा, मग हातावरून. वेग दीडपट झाला, पण उंची सव्वादोनपट लागली. आठवीतल्या एका मुलीने हे स्वतःच फूटपट्टीने मोजून मला विचारलं होतं, "मावशी, वेग थोडाच वाढला, मग धक्का एवढा का?" त्या दिवशी मी तिला गतिज ऊर्जेचं, म्हणजे वेगामुळे येणाऱ्या आणि वेगाच्या वर्गाने वाढणाऱ्या ऊर्जेचं, सूत्र खडूने फरशीवर लिहून दिलं. तिने ते पावसाची सर येईपर्यंत पुसू दिलं नाही.

हातभरावर टिकलेली लँडर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडा. बहुतेक फुटतात. फुटल्यावर लगेच झाडू आणू नका. आधी गटाने वहीत तीन ओळी लिहायच्या: आधी काय मोडलं, ते का मोडलं, पुढच्या वेळी कुठली एकच गोष्ट बदलणार. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. वही भरल्यावरच फरशी पुसायची.

उतरायच्या जागेचा हिशेबही खडूनेच दाखवा. एक किलोमीटरला एक मीटर धरा. चांद्रयान-2 साठी 500 मीटर बाय 500 मीटरचा पट्टा ठरला होता, तो फरशीवर चौरंगाएवढा येतो. चांद्रयान-3 साठी 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक गाडी लावायची जागा. शेजारी-शेजारी काढा. मोठी माणसंही थांबून बघतात.

वेळ उरला तर इस्त्रीचा प्रयोग करा, तोही मोठ्यांच्या देखत. गरम इस्त्री उभी ठेवा आणि तिच्या तळासमोर वीतभर अंतरावर तळहात धरायला सांगा. आच लागते. मध्ये चिप्सचं रिकामं पाकीट फाडून, चंदेरी बाजू इस्त्रीकडे करून धरा. आच एकदम तुटते. विक्रमच्या अंगावर जे सोनेरी वेष्टण दिसतं, ते अशाच पातळ, धातूचा मुलामा दिलेल्या थरांचं असतं. त्याची गरज का, तर विक्रमवरच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत मोजलेलं तापमान सांगा: वर 50 अंशांच्या पुढे, आणि फक्त 8 सेंटीमीटर खाली उणे 10 च्या आसपास.

मोठ्यांसाठी वेगळं काही लागत नाही, एवढंच की त्यांना गच्चीवर बोलवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक संध्याकाळी किंवा पहाटे आपल्यावरून जातं, त्याची वेळ आधी बघून ठेवा. ठाण्याच्या उजेडातही ते ठळक दिसतं. लुकलुकत नाही, सरळ सरकत जातं. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी. "यावर पैसा कशाला?" हा प्रश्न कुणीतरी काढतंच, आणि तो रास्त आहे. मी निसर्ग चक्रीवादळाची आठवण काढते. 3 जून 2020 ला ते अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, पण त्याच्या आधीच उपग्रहाच्या चित्रांत त्याची वाट दिसत होती आणि किनाऱ्यावरच्या लोकांना हलवता आलं.

आणि एक गोष्ट मुद्दाम त्या आई-बाबांसाठी, ज्यांना वाटतं की हे फक्त खूप मार्क मिळवणाऱ्यांचं क्षेत्र आहे. कळव्याहून दादरला जाताना विक्रोळी लागतं. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची 'विकास' नावाची इंजिनं घडली आहेत, आणि चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. इस्रो दहावीनंतर आयटीआय केलेल्या फिटर, टर्नर, मशिनिस्टनाही तंत्रज्ञ म्हणून घेते. म्हणून शेवटच्या शनिवारी मी माझा व्हर्निअर कॅलिपर आणते. 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजतो. प्रत्येकाने आधी स्वतःचा एक केस मोजायचा, मग आपल्या लँडरचा पाय.