पाणाड्याचा नारळ: दावा खंडनक्षम आहे का, हे कसं तपासायचं

सोलापूर जिल्ह्यात बोअर मारण्याआधी बरेच जण पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे, असा त्याचा दावा. तो खरा की खोटा हे नंतर. आधी बघायचं, तो खोटा ठरूच शकतो का? तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९३४ मध्ये विज्ञानाला हीच कसोटी लावली.

"इथं पाणी लागेल" हे वाक्य कच्चं आहे. ३०० फुटांवर फुफाटाच निघाला तरी "अजून ५० फूट जा" म्हणायची सोय उरते. म्हणून वाक्य घट्ट करून घ्या: "या खुणेवर २०० फुटांच्या आत किमान एक इंच पाणी लागेल." आता कोरडा बोअर त्याला पाडू शकतो.

पाणी लागलं तरी नारळ जिंकला असं नाही. इथल्या काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि मुरमात पाणी असतं. नारळाविना निवडलेल्या जागीही ते लागतं. तुलना हवीच. सोलापूर भागात २०१८-१९ मध्ये कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हाही काही ढगांवर फवारणी केली आणि तशाच प्रकारचे काही ढग तुलनेसाठी मुद्दाम न फवारता सोडले.

बोअर महाग, म्हणून ड्रम घ्या. दहा सारखे, झाकलेले; पाचांत पाणी, पाच रिकामे. कोणते भरायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. भरणारा चाचणीवेळी तिथं नको, त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं. ड्रमला हात लावू देऊ नका. पाण्याचे पाच ड्रम ओळखायचे. नुसत्या अंदाजाने पाचही बरोबर येण्याची शक्यता २५२ मध्ये १. चार मात्र २५२ मध्ये २५ वेळा जुळतात, म्हणजे जवळपास दहातून एकदा. चारांवर हुरळून जाऊ नका.

खरी गडबड निकालानंतर होते. पाणाड्या म्हणतो, "हे साठलेलं पाणी, नारळाला वाहतं लागतं." हेच आधी सांगितलं असतं तर पाइप पुरून पाणी वाहतं ठेवता आलं असतं. तेव्हा कोणता निकाल म्हणजे हार, हे चाचणीआधीच कागदावर लिहून सही घ्या.

नंतर दिलेली प्रत्येक सबब खोटी नसते, हेही खरं. युरेनस गणितानुसार फिरेना, तेव्हा पलीकडे आणखी एक ग्रह मानला गेला. पण त्याची जागाही सांगितली होती, आणि १८४६ मध्ये नेपच्यून तिथंच जवळपास सापडला. बुधाच्या चालीसाठी असाच व्हल्कन नावाचा ग्रह मानला. तो सापडला नाही, आणि बुधाचं कोडं पुढे आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सोडवलं. सबब ऐकली की विचारा: मग आता नवीन काय तपासू?