फाटकात आलेला माणूस कॅमेऱ्याच्या गावीही नसतो, तेव्हा : हालचाल टिपण्याचा पल्ला वाढवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उपनगरांत, कळंबा, पाचगाव किंवा उचगावच्या बाजूला, घरासमोर थोडे अंगण सोडण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि सुरक्षा कॅमेऱ्याबद्दलची तक्रारही बहुधा या अंगणातूनच सुरू होते. पोर्चमधला कॅमेरा दाराशी आलेल्या माणसाची सूचना मोबाईलवर तत्परतेने देतो, मात्र पंधरा मीटरवरच्या फाटकातून आत शिरलेला माणूस त्याच्या गावीही नसतो. अशा वेळी बहुतेक जण ॲप उघडून सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकाला नेतात, आणि पहिली चूक तिथेच होते.

सेन्सिटिव्हिटी वाढवल्याने पल्ला थोडा वाढतो हे खरे, परंतु त्याबरोबर हलणारी फांदी, भिंतीवरून जाणारे मांजर आणि रस्त्यावरच्या गाडीचा झोतही सूचनेला पात्र ठरतो. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा शेजारच्या गोठ्यातील म्हशींनी पहिल्याच आठवड्यात सूचनांचा असा काही रतीब घातला की अखेर आवाजच बंद करून ठेवावा लागला. सूचना बंद केलेला कॅमेरा कितीही लांबचे पाहत असला तरी त्याचा वेळेवर उपयोग होत नाही.

आधी कॅमेऱ्याची जात ओळखा

बॅटरीवर चालणारे बहुतेक कॅमेरे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरवर अवलंबून असतात. हा सेन्सर चित्र पाहत नाही; अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या अवरक्त किरणांत झालेला बदल तो टिपतो, आणि त्याचा भरवशाचा पल्ला साधारण ७ ते १० मीटर असतो. वायरने रेकॉर्डरला जोडलेले कॅमेरे मात्र बहुधा चित्रातील बदल तपासतात. या दोहोंचे दुखणे वेगळे आहे, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पीआयआर सेन्सरच्या पुढची लेन्स समोरच्या जागेचे पट्टे पाडते आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सेन्सर जागा होतो. म्हणून कॅमेऱ्यासमोरून आडवा जाणारा माणूस लांबूनही टिपला जातो, तर सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारा माणूस बराच जवळ येईपर्यंत निसटतो. आपल्याकडे फाटक आणि मुख्य दार समोरासमोर ठेवण्याची आवड असल्याने दारावर लावलेल्या कॅमेऱ्याला येणारा प्रत्येक जण नेमका या गैरसोयीच्या दिशेनेच दिसतो. तोच कॅमेरा कुंपणाच्या बाजूच्या भिंतीवर असा लावावा, की फाटकातून येणारी वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल. एक रुपयाही खर्च न करता पल्ला वाढवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

दुसरी बाब ऋतूची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेली शहाबादी फरशी आणि पत्र्याचे छप्पर माणसाच्या अंगाइतके किंवा त्याहूनही अधिक गरम होते. पार्श्वभूमी आणि माणूस यांच्या तापमानातील फरकच उरला नाही, की हिवाळ्यात ८ मीटरवरून जागा होणारा सेन्सर उन्हाळ्यात निम्म्या अंतरावरही गप्प राहू शकतो. तो बिघडलेला नसतो. पत्रा आणि उन्हातली फरशी त्याच्या नजरेआड जाईल अशी दिशा देणे एवढेच आपल्या हाती असते. पावसाच्या भीतीने पीआयआर कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवणे मात्र पूर्ण चूक आहे, कारण अंगाची उष्णता साध्या काचेतून पलीकडे जात नाही.

चोराचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखाली लावला जातो. मग तो खाली झुकवावा लागतो, आणि त्याच्या वाट्याला जवळची जमीन तेवढी येते. पीआयआर असेल तर दोन ते अडीच मीटर उंची पुरेशी आहे.

चित्रावर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे गणित

येथे प्रश्न लेन्सचा असतो. दुकानात सहसा २.८ मि.मी. नाभीय अंतराच्या लेन्सचा कॅमेरा हाती पडतो, कारण त्यात सारे अंगण एकदम मावते. त्याचा कोन सुमारे १०० अंश धरला तर २० मीटरवर चित्राची रुंदी जवळजवळ ४८ मीटर होते, म्हणजे १,९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एका मीटरला जेमतेम ४० पिक्सेल येतात. ६ मि.मी. लेन्सचा कोन सुमारे ५० अंश असतो आणि तेवढ्याच अंतरावर मीटरला १०० हून अधिक पिक्सेल मिळतात. आयईसी ६२६७६-४ या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ मधील आवृत्तीत कोणी तरी आहे एवढे कळण्यास मीटरला २५, ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यास २५० पिक्सेल धरले होते. पोर्चसाठी २.८ आणि फाटकासाठी ६, असे दोन कॅमेरे घेतलेले बरे; एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवू नये. ‘फक्त माणूस’ ही सोय सुरू असेल तर लक्ष्याचा किमान आकार किती ठेवला आहे हेही पाहावे, कारण तो मोठा असल्यास लांबचा लहान दिसणारा माणूस आपोआप गाळला जातो.

रात्री पल्ला घटण्याचे कारण बहुतांशी प्रकाश हे असते. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. त्यातच कॅमेऱ्यालगत पांढरी भिंत किंवा वळचण असेल तर त्याच्याच अवरक्त दिव्यांचा उजेड तिच्यावरून परततो, चित्राची जवळची बाजू पांढरीफटक होते आणि फाटक अंधारात बुडते. जून ते सप्टेंबर या काळात पागोळ्यांचे थेंब, कोळ्याची जाळी आणि उजेडाला जमणारे किडे, तर गळीत हंगामात काचेवर बसणारी काजळी, हे सारे लेन्ससमोर चमकून खोट्या सूचना देतात. अवरक्त दिवा वेगळा घेऊन फाटकाच्या खांबाजवळ लावावा आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद ठेवावेत. किडे दिव्यापाशी जमतात, लेन्स मोकळी राहते आणि प्रकाशही हवा तिथे पडतो.

दिवसा ठीक चालणारा लांबचा कॅमेरा रात्री अंधुक दिसत असेल किंवा मधूनच बंद पडून सुरू होत असेल, तर सेटिंगमध्ये वेळ दवडण्यापूर्वी वायर तपासावी. अर्धा चौरस मि.मी. तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो. कॅमेरा ५० मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून १०० मीटर तार होते, म्हणजे ३.६ ओहम. रात्री दिवे लागल्यावर अर्धा अँपिअर प्रवाह धरला तर वाटेतच १.८ व्होल्ट खर्ची पडतात आणि १२ ऐवजी १०.२ व्होल्ट पोचतात. स्वस्त थ्री-प्लस-वन (चित्राची एक आणि इतर तीन तारा एकत्र असलेल्या) केबलमधील तारा याहून बारीक आणि पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यामुळे घट आणखी वाढते. रात्री दिवे सुरू असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावल्यास उत्तर मिनिटभरात मिळते. अशा ठिकाणी अ‍ॅडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्यावा, किंवा १०० मीटरपर्यंत चालणारी पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणारी) जोडणी करावी.

वायफाय कॅमेऱ्याबाबत एवढेच, की जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीआडून येणारा दुबळा सिग्नल सूचना उशिरा पोचवतो आणि दोष पल्ल्यावर जातो. बॅटरीच्या कॅमेऱ्यात दोन नोंदींमधला विश्रांतीचा काळही एकदा पाहून घ्यावा. त्या काळात कोणीही आले तरी तो डोळे मिटूनच असतो.

एवढे करूनही फाटक पल्ल्याबाहेर राहत असेल, तर फाटकापाशी स्वतंत्र पीआयआर सेन्सर बसवून तो रेकॉर्डरच्या अलार्म इनपुटला, म्हणजे बाहेरच्या सेन्सरसाठी ठेवलेल्या जागी, जोडावा. मग एकाने मोबाईल हाती घेऊन घरात बसावे, दुसऱ्याने फाटकापासून सावकाश चालत यावे, आणि सूचना वाजेल त्या जागी खडूने रेघ मारावी. हीच चाचणी एकदा मे महिन्यातील दुपारी आणि एकदा जुलैमधील पावसाळी रात्री करून त्या रेघा ताडून पाहाव्यात.