हॅचची पहिली रेघ कुठून सुरू करायची

लातुरात मी घरांचे नकाशे काढते. एका हॉलच्या फरशीचा प्लॅन मिस्त्रीच्या हातात दिला, तर तो म्हणाला, “ताई, दारातच अडीच इंचाची चिंधी यायलीय की!” खरंच होतं. हॉल 4300 बाय 3300 मिमी, फरशी 600 बाय 600. माझ्या हॅचमध्ये, म्हणजे नकाशात फरशी दाखवायला भरलेल्या रेघांच्या जाळीत, दाराशी 60 मिमीची पट्टी आली होती, समोरच्या भिंतीशी 40 ची. मधे सात अख्ख्या फरश्या. मी नुसतं खोलीत क्लिक करून मोकळी झाले होते.

ऑटोकॅडला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर मी नकाशे काढते त्याला, तुमची खोली कुठे आहे याच्याशी घेणं-देणं नसतं. आपण काही सांगितलं नाही तर तो पॅटर्न शून्य-शून्य या बिंदूपासून मोजतो. तो बिंदू नकाशाच्या बाहेर कुठेतरी पडलेला. मग भिंतीशी जे उरेल ते उरेल.

म्हणून आधी कागदावर भागाकार करा. 4300 मध्ये सात फरश्या बसतात, उरतात 100. एवढीशी पट्टी कापताना फुटते, दिसतेही वाईट. त्यापेक्षा सहाच अख्ख्या घ्यायच्या. उरलेल्या 700 चे दोन भाग, दोन्हीकडे 350. तुकडा अर्ध्या फरशीपेक्षा लहान नको, हा माझा हट्ट. दुसऱ्या बाजूला 3300 मध्ये पाच अख्ख्या आणि 300 ची अर्धी. ती अर्धी शोकेसच्या भिंतीकडे ढकलली, कुणाला दिसत नाही. फरशीमध्ये 2 मिमीचा सांधा सोडणार असाल तर हिशोब 602 ने करा.

आता हॅच कमांड. पॅटर्नमध्ये ‘युजर डिफाइन्ड’, अंतर 600, ‘डबल’ (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा) चालू, कोन शून्य. तयार पॅटर्नचा स्केल जुळवत बसण्यापेक्षा हे बरं, इथे 600 म्हणजे 600 च. खोलीत क्लिक केलं की ‘सेट ओरिजिन’ दाबा (ओरिजिन म्हणजे पॅटर्न जिथून मोजला जातो तो बिंदू), ‘फ्रॉम’ टाइप करा, खोलीचा डावा खालचा कोपरा पकडा आणि @350,0 द्या, म्हणजे कोपऱ्यापासून उजवीकडे 350, वर शून्य. माझी शोकेस वरच्या भिंतीला होती म्हणून खालून अख्खी फरशी सुरू केली. तुमची खाली असेल तर दुसरा, म्हणजे वायचा आकडा 300 करा. हा बिंदू डीफॉल्ट म्हणून साठवू नका, नाहीतर पुढच्या बाथरूमचं हॅचही तिथूनच मोजलं जाईल.

हॅच आधीच मारून झालं असेल तर पुसू नका. त्यावर क्लिक करा, मधल्या गोल ठिपक्यावर (ग्रिपवर) माउस धरा, ‘ओरिजिन पॉइंट’ निवडा. ऑटोकॅड 2006 च्या आधीच्या आवृत्त्यांत हॅचला वेगळा ओरिजिन द्यायची सोयच नव्हती, स्नॅपबेस नावाची सेटिंग बदलून हॅच मारावं लागे.

हॉलची फरशी पॅसेजमध्ये सलग जाणार असेल तर दोन्हींचा ओरिजिन एकच ठेवा. ‘मॅच प्रॉपर्टीज’मध्ये मूळ हॅचचा ओरिजिन घ्यायचा पर्याय आहे, तोच निवडा, चालू ओरिजिन घेतला तर उंबऱ्यावर सांधे चुकतात. प्लॉट तिरका असेल तर आधी यूसीएस, म्हणजे ऑटोकॅडचे आडवे-उभे अक्ष, भिंतीला समांतर करा.

मालकांनी भिंत सरकवली की हॅच मुकाट्याने ताणलं जातं, पण ओरिजिन जागचा हलत नाही. 350 चा हिशोब तिथेच मोडतो. मी आता प्रिंट काढण्याआधी चारही बाजूंचे तुकडे मोजते आणि ओरिजिनवर बाण काढून लिहिते: पहिली अख्खी फरशी इथून.