पहिला पेपर छापण्याआधी

सांगलीतल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. 2012 साली सेट ही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले आणि 2019 च्या जूनमध्ये पूर्णवेळ नेमणूक मिळाली. मधली सात वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, गेली. सकाळच्या तासिका सांगलीत, दुपारच्या तासगावला आणि मधला वेळ एसटीत, असा तो दिनक्रम होता. दरवर्षी जूनमध्ये आमच्या विभागात एकदोन नवे सहकारी येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, पेपर कुठे टाकायचा?" म्हणजे संशोधन लेख कुठे छापायला द्यायचा. हा प्रश्न मीही एकेकाळी याच शब्दांत विचारला होता आणि त्याचे जे उत्तर मिळाले ते मला बरेच महागात पडले. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

2014 मध्ये एका चर्चासत्रात माझ्या हाती एक पत्रक पडले. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द, आयएसएसएन क्रमांक, एक चमकदार 'इम्पॅक्ट फॅक्टर' (नियतकालिकातल्या लेखांचे संदर्भ किती दिले जातात याचा आकडा) आणि खाली बँकेच्या खात्याचा तपशील असे त्याचे स्वरूप होते. मी अठराशे रुपये भरले, पेपर ईमेलने पाठवला आणि पाचव्या दिवशी तो छापून आला, प्रमाणपत्रासह. पेपरात दोन तक्त्यांचे क्रमांक उलटसुलट झाले होते, ते तसेच छापले गेले. म्हणजे कोणी वाचलाच नव्हता. पण ते माझ्या लक्षात आले दोन वर्षांनंतर, एका मुलाखतीपूर्वीच्या छाननीत. टेबलापलीकडच्या सरांनी माझी फाइल उलटत नेली, त्या पेपरापाशी थांबून शीर्षकाभोवती पेन्सिलने एक गोल काढला आणि शांतपणे विचारले, "मॅडम, हे जर्नल आता आहे का?" संकेतस्थळ उघडेना. त्या पेपरचे गुण मिळाले नाहीत हे एक वेळ सोडा. पण हळदीच्या साठवणुकीवरची माझी तीन वर्षांची टिपणे मी तिथे खर्च करून टाकली होती आणि तीच सामग्री पुन्हा दुसरीकडे जशीच्या तशी छापायला देणे योग्यही नव्हते.

आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे आणि दर्जाशी त्याचा काहीही संबंध नाही, एवढे साधे वाक्य तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. त्या काळी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) 2010 च्या नियमावलीतल्या एपीआय गुणांनी, म्हणजे नेमणूक-बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांनी, सगळ्यांना पछाडले होते. मागणी वाढली तसा पुरवठाही झाला. पुढे आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि मे 2018 मध्ये त्या यादीतली 4,305 नियतकालिके एकदम काढून टाकली. 2019 मध्ये तिच्या जागी यूजीसी-केअर यादी आली. त्या यादीतल्या नामवंत नियतकालिकांची हुबेहूब बनावट संकेतस्थळेही निघाली आणि तिथे पैसे भरून फसलेले लोक मी पाहिले आहेत. आता तीही यादी राहिलेली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ती बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक निवडण्याची जबाबदारी आता लेखकावर आणि त्याच्या संस्थेवर आहे. माझ्या मते हे वाईट झालेले नाही, कारण यादीच्या आधाराने आपण वाचणेच सोडून दिले होते. मात्र नव्या माणसाला ते जड जाते, हेही खरे.

नियतकालिक पारखण्याची माझी रीत सोपी आहे. त्याचे गेल्या दोन वर्षांतले चार अंक काढून माझ्या विषयाजवळचे किमान तीन लेख शेवटपर्यंत वाचते. आपल्या लेखाच्या संदर्भांत ज्या नियतकालिकाचे एकदाही नाव येत नाही, तिथे आपला लेख का पाठवायचा, हा प्रश्न स्वतःला विचारते. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन ते खरोखर तिथे आहेत का ते पाहते. 'सात दिवसांत प्रकाशन' असे वचन दिसले की मागे फिरते, कारण छापण्याआधी लेख तपासणाऱ्या समीक्षकाला नुसता लेख नीट वाचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून जुने अंक चाळण्यात एक शनिवार गेला तर तो वाया गेला असे समजू नका. कोल्हापूर काही लांब नाही.

मराठीत लिहिण्याबद्दलही संकोच नको. मराठी अर्थशास्त्र परिषदेचे 'अर्थसंवाद' आहे आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, वाईला, प्राज्ञपाठशाळा मंडळाचे 'नवभारत' आहे. इंग्रजीत विचार स्पष्ट होत नसेल तर आधी मराठीत लिहून पाहावे. पुष्कळदा भाषेची वाटणारी अडचण मुळात मांडणीची असते.

माझा दुसरा लेख सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांवर, होता. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या हळद साठवली जात आली आहे. वरून पाहिले तर माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड दिसते, आणि खाली खोली असावी तशी जागा. एका वृद्ध गृहस्थांनी मला पेव उघडल्यावर लगेच का उतरत नाहीत ते सांगितले. आत हवा कोंडलेली असते, म्हणून तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे, मग कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. त्याच कोंडलेल्या हवेमुळे आत कीड टिकत नाही. मी हे सगळे मोठ्या उत्साहाने लिहिले आणि एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवले. नऊ दिवसांत संपादकांनी ते समीक्षकांकडेही न पाठवता परत केले. दुसऱ्या ठिकाणी सात महिने लागले आणि दोन समीक्षकांची मिळून चार पाने आली. त्यातल्या एका वाक्याने मला अर्थशास्त्र पुन्हा शिकवले, असे म्हणायला हरकत नाही. एका समीक्षकांनी विचारले होते की पेवाचे वर्णन वाचनीय आहे, पण शेतकऱ्याने हळद लगेच विकण्याऐवजी साठवली तर वाढलेल्या भावातून पेवाचे भाडे, अडकलेल्या पैशावरचे व्याज आणि वजनातली घट वजा जाता त्याच्या हाती काय उरते?

हा प्रश्न तीन वर्षे हरिपूरला जाऊनही मला सुचला नव्हता, याचे आजही आश्चर्य वाटते. पुन्हा गेले, भाडेपावत्या मागितल्या, बाजार समितीतले भाव महिन्यावार उतरवले. लेखाचा निम्मा भाग टाकून द्यावा लागला. कंदिलाचा परिच्छेद दोन वाक्यांवर आला, आणि तो कापताना वाईट वाटले.

समीक्षकांना उत्तर देण्याची पद्धत मात्र कोणीतरी शिकवायला हवी. प्रत्येक शेऱ्याला क्रमांक द्यावा, शेरा जसाच्या तसा उतरवावा, खाली आपण काय बदलले ते आणि कोणत्या पानावर ते लिहावे. एखादा शेरा पटला नाही तर तसे सकारण आणि नम्रपणे सांगावे. समीक्षकाचे सगळे मान्य केलेच पाहिजे असे नाही. शेरे आले त्या रात्री मात्र काहीही लिहू नये. मी एकदा लिहिले होते. नशीब की पाठवले नाही.

लेखकांच्या नावांचा प्रश्न नाजूक आहे. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे सामाजिक शास्त्रांतल्या लेखाला दहा गुण आहेत, दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के आणि त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला सत्तर व इतरांना प्रत्येकी तीस टक्के. या हिशेबातून 'तुमच्यात माझे, माझ्यात तुमचे' असा व्यवहार फोफावला आहे. मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असे सुचवले तेव्हा मी "सर, तुम्ही बाजार समितीच्या आकडेवारीचा भाग कराल का?" असे विचारले. त्यांनी विषय बदलला आणि संबंधही बिघडले नाहीत. कामाची वाटणी आधी बोलून घेतली की नावांची वाटणी आपोआप होते.

वेळेबद्दल काय सांगावे! पूर्णवेळ नोकरी लागली की वेळ मिळेल, ही तासिका तत्त्वावरच्या प्रत्येकाची समजूत असते. प्रत्यक्षात प्रवेश समिती, एनएसएसचे शिबिर, परीक्षेचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका तपासणी आणि नॅकचे, म्हणजे महाविद्यालयाचे, मूल्यांकन जवळ आले की संध्याकाळी सातपर्यंत फायली. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि पहिल्या वर्षी म्हणूही नये असे माझे मत आहे. पण काम स्वीकारतानाच मुदत ठरवून घेता येते. मी प्राचार्यांना सांगितले होते, "सर, नॅकच्या क्रायटेरियन तीनचे, संशोधनाच्या विभागाचे, काम मी करते, फक्त बुधवार-शुक्रवार सकाळी साडेदहापर्यंत मला ग्रंथालयात राहू द्या." ते लगेच हो म्हणाले. इतक्या सरळ कोणी मागितलेच नव्हते, असे नंतर कळले.

आणखी एक गोष्ट कागदांविषयी. नेमणूक होऊन दोन महिने होतात तोच ऑगस्ट 2019 चा महापूर आला. माझ्या मुलाखतींच्या सहा वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर पाने एकमेकांना चिकटून गाळाचे ठोकळे झाले होते. बॉलपेनने लिहिलेल्या दोन वह्या उन्हात वाळवून कशाबशा वाचता आल्या, शाईच्या चार गेल्या. तेव्हापासून मुलाखत संपली की त्याच रिक्षात बसल्याबसल्या वहीच्या पानांचे फोटो काढते आणि ते दोन ठिकाणी ठेवते. नेमणूकपत्र, तासिकांचे अनुभव प्रमाणपत्र, स्वीकृतीचे ईमेल यांनाही हाच नियम लावा. तासिका तत्त्वावरचे अनुभव प्रमाणपत्र दरवर्षी एप्रिलमध्येच मागून घ्यावे, कारण पाच वर्षांनी कार्यालयातला लिपिक बदललेला असतो आणि जुने मस्टर कोणालाच सापडत नाही.

पेवांवरचा तो लेख 2022 मध्ये छापून आला. त्याची प्रत घेऊन मी हरिपूरला गेले. कंदिलाची रीत सांगणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा लावून तक्ता बराच वेळ पाहिला आणि बोट ठेवून म्हणाले, "बाई, ही घट पहिल्या वर्षाची. दुसऱ्या वर्षी एवढी होत नाही." माझ्या तक्त्यात दोन्ही वर्षांना एकच टक्केवारी धरली होती आणि ती दोन्ही समीक्षकांच्या नजरेतूनही सुटली होती. नव्या लेखाची सुरुवात मी त्या दुरुस्तीपासून केली आहे.